दात – ५ नग

पोकलेन घेतलेला माणूस पहिल्या महिन्यात यंत्राच्या ज्या ज्या भागावर जीव ओवाळून टाकतो, त्यातला एकही भाग जमिनीला लागत नाही. काचेवर 'आई-वडिलांची पुण्याई', बूमवर धाकट्या लेकीचं नाव, केबिनवर भगवा झेंडा, आत गाणी ऐकायला भलेमोठे स्पीकर. लिंबू-मिरचीसुद्धा वरच टांगलेली. ज्यांची खरी गाठ दगडाशी पडायची, ते बकेटचे पाच दात कुणाच्या खिजगणतीत नसतात. पूजेच्या दिवशी त्यांना कुंकू लागतं, ते पहिल्याच घासाला पुसलं जातं.

आमच्या दाजींचा फलटण तालुक्यात एक वीस टनी पोकलेन आहे. मी कर सल्लागार आणि वर मेहुणा, त्यामुळे त्यांचा हिशेब मी फुकट लिहितो. त्यांच्या खर्चाच्या डायरीत 'दात – ५ नग' अशी नोंद अधूनमधून येते आणि पुढे कंसात रागानं लिहिलेलं असतं, 'परत'. यंत्रसामग्रीवर वर्षाला १५ टक्के घसारा लावण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं, पण घसारा प्रत्यक्ष पाहायचा योग कधी आला नव्हता. तो दाजींनी आणला. नवा दात आणि उतरवलेला दात त्यांनी माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवले. नवा चांगला वीतभर लांब, चार-पाच किलोचा. जुन्याचं टोक पार गेलेलं, कडा गुळगुळीत, आणि पुढे रुपयाएवढं भोक.

"भोक पडलं म्हंजे उशीर झाला," ऑपरेटर म्हणाला. तो मितभाषी आहे, कारण त्याचं कुणी ऐकत नाही.

भोकाची भानगड अशी. बकेटच्या ओठावर अडॉप्टर वेल्ड केलेले असतात. प्रत्येक अडॉप्टरला पुढे नाकासारखा भाग, त्यावर पोकळ दात चढवायचा, आडवी पिन ठोकायची, पिन निसटू नये म्हणून लॉक बसवायचं. झिजायचं काम दातानं करावं आणि नाक शाबूत राहावं, अशी सगळी योजना. दाताला भोक पडलं की दगड थेट नाकाशी बोलायला लागतो. नाक एकदा झिजलं की नवा दातही त्यावर खुळखुळतो, पिना तुटतात, आणि मग अडॉप्टर गॅसनं कापून, ओठ तापवून, नवा वेल्ड करायचा. वाचवलेल्या दाताच्या कितीतरी पट पैसे त्यात जातात. बरं, कडेचे दोन दात मधल्यांपेक्षा लवकर झिजतात. म्हणून अधूनमधून कडेचे मधे आणि मधले कडेला करावेत, दात सरळ-सपाट असेल तर उलटा करून घालावा. फुकटचा उपाय असूनही दाजी तो करत नाहीत, कारण त्यात मशीन अर्धा तास उभं राहतं.

दात निवडणं हे तर स्वतंत्र शास्त्र आहे, आणि आमच्या भागात ते जरा क्रूरच आहे. नीरा उजव्या कालव्याखालच्या रानात विहीर खोदायला घ्या. वर काळी माती, तिला रुंद, पसरट दात बरा. धारदार दात तिथे नुसत्या रेघा ओढतो. खाली मुरूम, त्याला साधा लांब दात चालतो. मग मांजऱ्या खडक लागतो आणि शेवटी काळा कातळ. कातळाला जाड, छिन्नीच्या टोकाचा दात लागतो. दात अणकुचीदार असला की घुसतो मस्त, पण तितकाच लवकर संपतो. आणि कातळ अखंड असेल तर आधी ब्रेकर किंवा सुरुंग. नुसत्या बकेटनं तो उकरू पाहणाऱ्यानं दातांचा दोष काढू नये. म्हणजे एका विहिरीला तीन तऱ्हेचे दात झाले. हे मी मांडल्यावर दाजी म्हणाले, "पाव्हणं, आपल्याला दात न्हाय बदलायचं. दगड बदलायचा."

दात आणायला मी त्यांच्याबरोबर एकदा पुण्याला गेलो. दुकानात गिऱ्हाईक दोनच प्रश्न विचारतं: केवढ्याला आणि टिकंल का? दुकानदाराकडे ओरिजिनल, ओरिजिनलसारखा आणि 'चालतोय की' अशा तीन प्रती असतात. तिन्हींचा रंग पिवळाच. घडीव कुठला, ओतीव कुठला, ओतलेल्याला नीट पाणी दिलंय का, हे रंगाखाली कुणाला दिसणार? पोलाद फार कडक केलं तर काचेसारखं तडकतं, कमी केलं तर खडूसारखं झिजतं. चांगला दात या दोहोंच्या मधे कुठेतरी असतो आणि तो हातात घेऊन कळत नाही. तरी दाजी प्रत्येक दात नारळासारखा कानाशी नेऊन वाजवत होते. दुकानदारही गंभीर चेहऱ्यानं थांबला होता. शेवटी 'चालतोय की' घेतला. त्यातले दोन पहिल्याच कातळावर मधून तुटले आणि एकाची पिन गळाली. तिथे दाजींनी आमच्याकडचं सार्वत्रिक औषध काढलं, "वेल्डिंग मारून टाक." दात अडॉप्टरला कायमचा चिकटला. वेल्डिंगच्या उष्णतेनं त्याचं पाणी उतरलं आणि तो लोण्यासारखा झिजला, पण उतरेना. गॅस कटरनं काढताना नाकही निम्मं गेलं.

ताईचं यावर म्हणणं असं, की स्वतःच्या दाढेचं रूट कॅनॉल जो माणूस दोन वर्षं पुढे ढकलतो, त्याच्याकडून बकेटनं काय अपेक्षा करावी.

दात बदलण्याचा सोहळा पाहण्यासारखा असतो. बकेट जमिनीवर टेकवून, उलटी करून ठेवतात. पिनेभोवती माती अशी बसलेली असते, की आधी दहा मिनिटं ती खरवडण्यात जातात. मग लॉक कुठल्या बाजूला आहे आणि पिन कुठून ठोकायची यावर ऑपरेटर आणि हेल्पर यांचा परिसंवाद होतो. हेल्पर पंच धरतो, ऑपरेटर घण घालतो. कडक पोलादावर घण बसला की कपची गोळीसारखी उडू शकते, म्हणून चष्मा घालावा असं पुस्तकात लिहिलंय. आमच्याकडे घाव पडताना दोघंही डोळे मिटतात. हीच सुरक्षा व्यवस्था.

दाजींनी जेसीबीही घेतला, तेव्हा त्याच्या पुढच्या बकेटची बोल्टनं बसवलेली पट्टी पाहून ते हरखले. ही कटिंग एज एका कडेनं झिजली की बोल्ट सोडून उलटी करायची, दुसरी कड नवीकोरी. एका किमतीत दोन! इतकं त्यांच्या मनासारखं यंत्रशास्त्र आजवर कुणी केलं नव्हतं. या आनंदात त्यांनी पहिली कड अशी वापरली, की पट्टी बोल्टांच्या डोक्यापर्यंत संपली. डोकी झिजली, नट फिरेनात, सगळे गॅसनं कापावे लागले. दुसरी कड कोरीच राहिली, पण ती बसवायला भोकंच धड उरली नाहीत.

मी हिशेबी माणूस. कागद घेऊन बसलो. बोथट दातानं यंत्र तासाला एक लिटर डिझेल जादा प्यायलं, तर दिवसाच्या दहा तासांत दहा लिटर, लिटरला नव्वद धरले तरी नऊशे रुपये रोज. आठवड्यात नव्या दातांची रक्कम वसूल! दाजींनी कागद शांतपणे वाचला आणि म्हणाले, "डिझेल पार्टीचं असतंय, पाव्हणं."

"पण काम हळू होतं त्याचं काय?"

"तासावर चालतंय मशीन. हळू झालं तर तास वाढत्यात."

मग मी गेल्या दोन वर्षांच्या डायऱ्या काढल्या. 'दात – ५ नग' ही नोंद कुठे कुठे आहे त्याच्यापुढे कामाचा प्रकार लिहीत गेलो. विहीर उक्ती घेतली, त्याच्या आदल्या दिवशी दात. शेततळं ३० बाय ३० बाय ३ मीटरचं, पैसे मोजमापावर. आदल्या दिवशी दात. तासाच्या कामांपुढे पानंच्या पानं कोरी. मुरूम किती, कातळ किती, पोलाद कुठलं, या कशाशीच दातांच्या आयुष्याचा संबंध नव्हता. करार उक्ता की तासावर, एवढं सांगा, बकेट न बघता दात केवढे आहेत ते मी सांगेन. आता कुणी शेतकरी विचारतो, तेव्हा मी मेहुणेपणाला न स्मरता हाच सल्ला देतो: तासावर लावणार असाल तर भाव ठरवण्याआधी बकेटसमोर उकिडवे बसा.

एका ठिकाणी मात्र दाजींची चलाखी चालली नाही. खाणीतला दगड भरायचं काम होतं, तासावर, म्हणून दात जुने. दुपारी बकेट वर आली तेव्हा पाचाचे चार झालेले. गळालेला दात डंपरमधून गेला असेल तर खडी क्रशरकडे. क्रशरचे जबडे मँगनीज पोलादाचे. रॉबर्ट हॅडफिल्डनं १८८२ साली शोधलेलं हे पोलाद मार खाऊन खाऊन आणखी कठीण होतं. पण तेही दगड चावण्यासाठी असतं. मधे दात सापडला तर जबडा अडकतो, नाहीतर काहीतरी मोडतं. क्रशरवाल्यानं पट्टा बंद केला आणि आईबहिणीची आठवण काढत ढिगाकडे बोट दाखवलं. ऑपरेटर, हेल्पर, डंपरवाले आणि दाजी, सगळे उन्हात दगड उपसत होते. मी सावलीत बसून उभ्या क्रशरचं तासाचं नुकसान मांडत होतो, कारण ते कुणाच्या नावे टाकायचं याबद्दल मला शंका नव्हती.

तासाभरानं हेल्परला दात सापडला. क्रशरवाला हात पुढे करून नुकसानभरपाईचं बोलायला लागला होता. दाजींचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी दाताची माती शर्टाला पुसली, टोकापासून बोटं लावून मोजली आणि ऑपरेटरला हाक मारली, "अजून चार बोटं हाय की रं! पिन आण."