वाकळीचा क्लास

'बार्शी तिथे सरशी' हे आम्ही गावाबाहेरच्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत ऐकवतो. सध्या आमची सरशी वाकळ शिकण्यात चालू आहे. चार रविवार, सकाळी दहा ते बारा, फी चार आकडी, साहित्याचे पैसे वेगळे. साहित्य म्हणजे काय, तर चिंध्या. घरच्या चालत नाहीत, रंग मॅच होत नाहीत. म्हणून दुकानातून कोरं कापड आणायचं, कात्रीनं त्याचे चौकोन पाडायचे आणि मग तेच चौकोन परत एकमेकांना जोडत बसायचं. 'एक ना धड, भाराभर चिंध्या' म्हणणाऱ्या आमच्या आजीला धडाच्याच चिंध्या करायचे पैसे मोजावे लागतात हे कळलं असतं, तर ती बिचारी म्हण बदलायला बसली असती.

पत्रकावर 'वाकळ' हा शब्द नाही. तिथं 'क्विल्टिंग' आहे, आणि खाली बारीक अक्षरात 'गोधडी'. वाकळ म्हटलं की घरात पाहुणा आल्यावर आतल्या खोलीत लपवायची वस्तू. क्विल्ट म्हटलं की सोफ्यावर टाकून फोटो काढायची.

बायकोला सोडायला गेलो आणि चहाच्या आशेनं दाराशी रेंगाळलो, म्हणून पुढचं पाहायला मिळालं. शिकवणाऱ्या बाई स्वतः मोबाइलवर बघून शिकलेल्या. त्यांनी कापड अंथरलं, बरोबर मधोमध सुई घातली आणि धावदोरा बाहेरच्या बाजूला नेऊ लागल्या. तिसऱ्या ओळीला कापडाला फुगा आला. चौथ्या ओळीला फुग्याचा डोंगर झाला. दहा-बारा जणी आपापले डोंगर थोपटत बसल्या. हॉल पुसायला आलेल्या मावशी बादली घेऊन खोळंबल्या होत्या. त्यांना शेवटी राहवेना. "वाकळ मधनं सुरू करायची नसती ओ. कडंनं धरायचं, अन् फिरत फिरत आत यायचं." चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवली (त्यात एक कुणाची तरी पर्स), हात पदराला पुसले, गुडघ्यानं कापड दाबलं आणि बोटाच्या पेराएवढे टाके सरळ ओळीत पडायला लागले. मान वर न करता त्यांनी हेही सांगितलं, की नऊवारी लुगड्याच्या चार घड्या घातल्या की एका माणसाचं अंथरूण होतं, आत जुनेर भरायचं, आणि कोरं कापड घेऊच नये, ते टोचतं. हिशेब करून पाहिला. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर, चार घड्या, दोन मीटर लांबी. चोख.

सगळ्यांनी व्हिडिओ काढला. मावशींना अर्धा कप चहा मिळाला.

याच मावशी एरवी घरोघरी वाकळी शिवून देतात. त्यांनी मजुरी सांगितली की आपण काय म्हणतो? "एवढे? नुसता धावदोरा तर घालायचाय!" तोच धावदोरा क्लासमध्ये शिकायला मात्र आपण घासाघीस न करता पैसे भरतो, आणि वर जागा मिळाली म्हणून खूश होतो.

बरं, हे गाव काही सुताला परकं नाही. 1897 मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. पुढं इथं गिरण्या आल्या. त्यातल्या लोकमान्य मिलचा आणि नगरपालिकेचा घरपट्टीचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. नगरपालिकेनं कर लावला होता इमारतीच्या चौरस फुटांवर. 1961 मध्ये न्यायालयानं सांगितलं, नुसते फूट मोजून चालणार नाही, जागेला भाडं किती येईल ते बघा. बार्शीची नगरपालिका काळाच्या पुढं होती म्हणायची. गिरणी फुटांवर मोजायची अक्कल मुंबईला पुष्कळ उशिरा आली. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची बार्शी टेक्सटाइल मिल 2020 च्या टाळेबंदीत थांबली, आणि तेव्हापासून तो विषय म्हणजे भिजत घोंगडं.

घोंगड्यावरून आठवलं. विणून झाल्यावर घोंगडीला खळ देतात ती चिंचोक्याची. बार्शीचा चिंचेचा बाजार मोठा, चिंच फोडणाऱ्या बायका गावात, चिंचोक्यांची पोती गावात. पण घोंगडीचा क्लास नाही. क्लास आहे क्रोशाचा, आणि त्यातली 'लोकर' मेंढीनं बघितलेलीसुद्धा नसते, ती अॅक्रिलिकची.

फुकट शिकवत होते तेव्हाही आपण मोठे दिवे लावले होते असं नाही. 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली, पुढं शाळांत मूलोद्योग आला, पोरांच्या हातात पेळू आणि टकळी आली. आज सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, सूत किती वेळा तुटायचं ते हसत सांगतील. हातातली टकळी गेली, तोंडाची तेवढी शाबूत आहे. (हे सदर त्याचाच पुरावा, असं बायको म्हणते.)

आणि पत्रकावर 'फक्त महिलांसाठी' कशाला? नामदेव महाराज शिंपी होते, कबीर विणकर. गिरणीत मागावर उभे राहणारे बहुतेक बाप्येच. आम्हालाही सुईत दोरा ओवता येतो. चष्मा तेवढा द्या.

क्लास बंद करा असं मी म्हणत नाही. चालू ठेवाच. दोन तास मोबाइल खाली ठेवून माणसं हातानं काही करतात, हेही कमी नाही. फक्त पुढच्या बॅचला शिकवायला मावशींना बसवा. फी आहे तेवढीच राहू दे, आणि ती त्यांच्या हातात पडू दे. पत्रकावर 'वाकळ' असं ठळक छापा. आणि हॉल पुसायला दुसरं कुणीतरी बघा, रविवारी दहा ते बारा मावशींना वेळ नसेल.