आठ बाइटांची तक्रार

फाइल कॉपी झाली की संगणक हिरवी पट्टी पूर्ण भरून दाखवतो. माझी हरकत त्या पट्टीवर आहे. पाठवलं तेच पोचलं का, हे बहुतेक वेळा कोणी तपासलेलंच नसतं. आमच्याकडच्या लग्नाच्या एका फोटोत मुंडावळ्यांपर्यंत सगळं ठीक आणि त्याखाली नुसता करडा रंग आहे. फाइलचा आकार बरोबर, तारीख बरोबर, एरर कुठेच नाही.

यावर उपाय नाही असं नाही. स्कझी डिस्कची मानकं ठरवणाऱ्या टी१० समितीने ५१२ बाइटच्या सेक्टरला आणखी आठ बाइट जोडले. दोन बाइटांत सीआरसी (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा), दोन ॲप्लिकेशनसाठी मोकळे आणि चार बाइटांत सहसा त्या सेक्टरच्या पत्त्याचा क्रमांक. डेटा वाटेत बिघडला तरी कळतं, भलत्या जागी लिहिला जात असला तरी कळतं. पण हे झालं डिस्क जोडणाऱ्या कंट्रोलरपासून पुढे; मेमरी ते कंट्रोलर हा टप्पा उघडाच होता. ऑरॅकलच्या मार्टिन पीटरसन यांच्या कामामुळे २००८ साली लिनक्समध्ये तोही झाकला गेला.

पण हे आठ बाइट भरतो कोण? बहुतेक ठिकाणी कर्नेल, नाहीतर कंट्रोलर. म्हणजे पार्सलचं वजन घरी नाही, कुरिअरच्या काउंटरवर होणार. डेटा त्याआधीच मेमरीत बिघडला असेल, तर बिघडलेल्या डेटाचा सीआरसी बिनचूक निघतो आणि पुढचे सगळे त्याला मान डोलावतात. डेटा काय होता हे ॲप्लिकेशनला माहीत, आणि त्यालाच हे आठ बाइट सरळ हाती द्यायची सोय लिनक्समध्ये कितीतरी वर्षं नव्हती. ती अलीकडे आली. इतका उशीर का, याचं मला पटेल असं उत्तर मिळालेलं नाही.

पोस्टग्रेससारखे डेटाबेस पानापानाचं स्वतःचं चेकसम ठेवतात, हे चांगलंच आहे. पण डिस्कला त्यातलं काही कळत नाही, आणि ते पडताळलं जातं पान परत वाचताना, कदाचित वर्षभराने. तोवर बॅकअपही त्याच खराब पानाचे झालेले असू शकतात. चूक लिहितानाच पकडली, तर मूळ डेटा अजून मेमरीत असतो आणि तो तिथल्या तिथे पुन्हा लिहिता येतो.

घरच्या साटा डिस्कला तर हे आठ बाइट मुळात नाहीतच. ते मिळतात सर्व्हरच्या महागड्या डिस्कवर. घरचे फोटो एकदाच काढलेले असतात, आणि त्यांना हे संरक्षण नाही.