अण्णांचा ललित लेख

भाटघरच्या आसपास, भोरपासून वेल्ह्यापर्यंत कुठेही जा, निवृत्तीनंतर ललित लेखक झालेले एक अण्णा हमखास भेटतील. उभी हयात पाटबंधारे खात्यात गेलेली. दिवाळी अंकांचे वेध लागले की अण्णा नवं पेन आणतात आणि घरात जाहीर करतात, “यंदा स्वतःवर लिहिणार.” घरचे दचकतात, कारण त्या ‘स्वतः’त तेही येतात.

सुरुवात ठरलेली : ‘सदर लेखक हा मौजे भाटघर येथील रहिवासी असून…’ अहवाल लिहून तयार झालेला हात, ‘मी’ म्हणायला धजावत नाही. मुलगी पाहायला गेले तो प्रसंगही त्यांनी ‘उभयपक्षी चर्चा होऊन संमती दर्शविण्यात आली’ असा उरकलाय.

मग धरण येतं. वेळवंडी अडवली, १९२७ साली बांधकाम पुरं झालं, गव्हर्नर लॉईडचं नाव धरणाला, येसाजी कंकांचं जलाशयाला, साठा साडेतेवीस टीएमसी, पाणी नीरेच्या दोन्ही कालव्यांना. सगळं बिनचूक.

“अण्णा, यात तुम्ही कुठे?”

“अहो, पाण्याची पातळी रोज कोण लिहीत होतं?”

बांधावरून धाकट्या भावाशी धरलेला अबोला लिहायचा नाही, भाऊबंद वाचतात. कॉलेजातलं प्रकरण नको, टाइप सूनबाई करते. साहेबाशी झालेली खडाजंगी तर नकोच, पेन्शन चालू आहे. मग उरतो पहिला पाऊस आणि इंद्रायणीच्या भाताचा वास. तो दरवर्षी छापून येतो.

इरावती कर्व्यांनी ‘परिपूर्ती’त स्वतःचीच कशी गंमत केलीय, हे एकदा मी सुचवून पाहिलं. “त्या विद्वान. त्यांना शोभतं,” अण्णा म्हणाले.

खरा लेख स्वयंपाकघरात असतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं. काकू चहा गाळता गाळता सांगतात, “हे निघाले पुढं. म्हटलं, अहो, गाळ आहे. तर म्हणे, हे धरण मला शिकवू नकोस! गुडघ्यापर्यंत रुतले. चार पोरांनी ओढून काढलं, चपला तिथंच ऱ्हायल्या. आणि अनवाणी घरी येईस्तोवर मलाच बोलत होते, आधी का नाही सांगितलंस!”

काकू पदरानं डोळे पुसत हसतात. अण्णा कपाकडे बघत बसतात.

“हे काय लिहायचं असतं?”

त्यांच्या लेखात या प्रसंगाला एक ओळ मिळालीय : ‘सदर मंदिराची समक्ष पाहणी करण्यात आली.’

तेव्हा संपादकांना विनंती, यंदा लेख काकूंकडे मागा. त्या लिहायच्या नाहीत, फोनवर मात्र हवं तेवढं सांगतील. फोन दुपारी करा; अण्णा तेव्हा झोपलेले असतात.