मगरी, भुतं आणि मुकद्दम

"वहिनी, कढीपत्ता हवा तर तोडून घ्या की, विचारताय काय! आणि जरा थांबा. लेकीचा फोन झाला आत्ताच, मोरोक्कोतल्या कॅसाब्लांकाहून."

"काय म्हणते? रुळली का तिथं?"

"ती रुळली हो, मलाच एकेक ऐकून झोप येत नाही. तिच्याकडे स्वयंपाकाला येते ना, त्या बाईला रहिवासाचा दाखला हवा होता. गल्लीचा मुकद्दम म्हणाला, 'मधे तुम्ही बहिणीकडे राहत होतात, नाही का?' आता ह्याला कुणी सांगितलं? पण त्याचं कामच ते. कुणाकडे पाहुणा उतरला, कुणी गच्चीवर खोली चढवली, सगळं ह्याच्या कानावर. मुकद्दमावर शेख, शेखावर काइद, त्यांच्या वर गव्हर्नर आणि वाली. आणि वाली-गव्हर्नर काही निवडून येत नाहीत, ते राजाच्या सहीनं नेमले जातात."

"अगोबाई! आपल्या कॉलनीत तेवढंच काम सगळे बिनपगारी करतात."

"हसा तुम्ही. ह्या सगळ्या जाळ्याला तिथं मखजन म्हणतात. राजा, त्याचे सल्लागार, जुनी घराणी, लष्कर, काइद, सगळे त्यात आले."

"पण तिथं निवडणुका होतात ना? पेपरात वाचलं होतं मी."

"होतात की, अगदी रांगा लावून! संसद आहे, पंतप्रधान आहे. पण गृह, परराष्ट्र, धर्म ही खाती बहुधा राजवाड्याच्या पसंतीच्या माणसाकडे. धर्मखात्याचा तो अहमद तौफीक 2002 साली खुर्चीवर बसला, आणि त्याच्या देखत चार पंतप्रधान आले नि गेले.

"त्यातला बेनकिरान ऐका. 2011 मध्ये लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा राजा मोहम्मद सहावा ह्यानं नवी घटना आणली. त्यात लिहिलं, की पहिल्या आलेल्या पक्षाचाच पंतप्रधान. आला हा बेनकिरान. जिभेला हाड नाही, पण वाड्याचं नाव उघड घ्यायची सोयही नाही. मग कामात कोण खोडा घालतं विचारलं की म्हणायचा, मगरी आणि अफरित."

"अफरित म्हणजे?"

"भुतं हो! ज्याला कळायचं त्याला कळायचं. 2016 ला त्याचाच पक्ष पुन्हा पहिला, 125 जागा. पण पाच महिने झाले तरी आघाडी जुळेना. अखन्नूश नावाचा पेट्रोलवाला अब्जाधीश अडून बसलेला, अमुक पक्ष घ्याल तरच येतो म्हणून. शेवटी राजानं बेनकिरानला घरी बसवलं आणि त्याच पक्षातल्या ओथमानीला बोलावलं. झाली की आठ-दहा दिवसांत आघाडी! अखन्नूशसकट, आणि तो म्हणत होता त्या पक्षासकट. घटनेला ओरखडासुद्धा नाही. आणि 2021 मध्ये पंतप्रधान कोण, सांगा?"

"अखन्नूश! तुमच्या चेहऱ्यावरच दिसतंय."

"मला विचाराल तर तिथं खुर्चीला फारसं मोल नाही, राजाशी जवळीक किती त्याला आहे. वाड्यात शाळा आहे, राजपुत्राबरोबर शिकायला गावोगावची हुशार पोरं वेचून आणतात. फुआद अली अल हिम्मा हा राजाचा असाच वर्गमित्र. आधी गृहखात्यात, मग 2008 मध्ये स्वतःचा पक्ष, आणि 2011 पासून राजाचा सल्लागार. मंत्री त्याला दबकून असतात म्हणे."

"बालमित्राचं एवढं प्रस्थ?"

"हे तर काहीच नाही. 1894 सालचं ऐका. सुलतान हसन पहिला सदा फौज घेऊन फिरतीवर. दिसला नाही की टोळ्या कर बुडवायच्या. उन्हाळ्यात असाच मोहिमेवर असताना तंबूतच वारला. भोवती सगळा शत्रूचा मुलूख. बातमी फुटली असती तर छावणी लुटली गेली असती. तेव्हा त्याचा हुजऱ्या, बा अहमद, ह्यानं काय केलं? सुलतान थकलेत म्हणून सांगितलं, प्रेत पालखीत घातलं, पडदे ओढले आणि वाजतगाजत मिरवणूक चालू! मुक्कामावर आत ताट जायचं, चहा जायचा. वॉल्टर हॅरिस नावाच्या इंग्रज बातमीदारानं लिहून ठेवलंय हे."

"शी! आणि उन्हाळा म्हणालात ना?"

"त्यानंच तर बिंग फुटलं, दुसऱ्या दिवशी. पण तोवर स्वार पुढे रबातला पोचलेले, आणि सुलतानाचा मुलगा अब्देलअजीझ गादीवर. चौदा-पंधरा वर्षांचं पोर! वेशीतून प्रेत आत न्यायचं नाही असा रिवाज, म्हणून तटाला भगदाड पाडलं."

"म्हणजे कारभार सगळा ह्या बा अहमदच्या हाती. नाना फडणवीसच की!"

"अगदी. सहा वर्षं. मराकेशला बापानं सुरू केलेला बाहिया महाल ह्यानं वाढवून वाढवून केवढा केला! 1900 मध्ये हा गेला आणि ज्याला गादीवर बसवलं त्या सुलतानाच्याच हुकमानं महाल धुऊन नेला. गालिचे, भांडी, काही म्हणून ठेवलं नाही. लेक जाऊन आली तिथं. म्हणाली, आई, तिकीट काढून आत गेले तर खोल्या रिकाम्या. मी म्हटलं, मान वर करून छतं बघायचीस, देवदारावरची रंगीत नक्षी. तेवढी काही कुणाला उचलून नेता आली नाही."