नावेचं नाव

मराठीत नाव म्हणजे नाव, आणि नाव म्हणजे होडीसुद्धा. त्यामुळे नावेला नाव ठेवताना आपण बारसं करतोय की खोडी काढतोय, हे आपलं आपल्यालाच कळत नाही. अमेरिकन सरकारला ही भाषिक अडचण नव्हती. बाकीच्या सगळ्या होत्या.

जनरल ग्रँटचंच घ्या. ग्रँट रोडचा ग्रँट तो हा नव्हे. तो रॉबर्ट ग्रँट, मुंबईचा गव्हर्नर. हा युलिसिस ग्रँट, अमेरिकेतल्या यादवी युद्धात उत्तरेचा सरसेनापती, पुढे दोनदा अध्यक्ष. जगप्रवासाला निघालेला हा ग्रँट 1879 मध्ये मुंबईला आला होता. ग्रँट रोडची पाटी त्याच्या नजरेस पडली असती, तर पाहुणचारातली ही तत्परता पाहून गडी भारावलाच असता.

त्याचं जन्मनाव हायरम युलिसिस. 1839 मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयासाठी शिफारस करताना खासदाराने ‘युलिसिस एस. ग्रँट’ असं लिहून टाकलं. आईचं माहेरचं नाव सिम्पसन, त्यातला एस पोराच्या नावात शिरला. पोराने दुरुस्तीची खटपट केली. तिचं काय झालं, हे रेशनकार्डावरचं नाव बदलायला गेलेल्या कोणालाही सांगावं लागणार नाही. कागदावर एस होता, म्हणून माणसात एस आला. त्याचा अर्थ काय? काहीही नाही. आणि हाच बिनअर्थाचा एस पुढे सव्वाचारशे फूट लांबीच्या पाणबुडीवर चढला. ती गोष्ट पुढे येईल.

ग्रँटच्या नावाची सरकारी बोट तो लढाईत असतानाच निघाली. 1864 मध्ये टेनेसी नदीच्या वरच्या अंगाला गस्त घालायला चार बोटी होत्या: ‘जनरल ग्रँट’, ‘जनरल शर्मन’, ‘जनरल टॉमस’ आणि ‘जनरल बर्नसाइड’. चारही जनरल तेव्हा हयात, शिवाय नोकरीत. ‘शर्मन गाळात रुतला, ग्रँटला ओढायला पाठवा’ अशी एखादी तार भलत्या टेबलावर गेली असती तर काय झालं असतं, याची नुसती कल्पना करावी. या जातीच्या बोटींना जाड चिलखत झेपत नसे, म्हणून पातळ पत्रा ठोकत आणि त्यांना ‘टिनक्लॅड’ म्हणत. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, हे आपण म्हणीत म्हणतो. त्यांनी ते नदीत सोडलं.

पुढे ग्रँट अध्यक्ष असताना जकातवसुलीच्या गस्तीजहाजाला ‘यू. एस. ग्रँट’ हे नाव मिळालं. ग्रँट म्हणजे आपल्याकडे शाळेला मिळते ती, किंवा मिळत नाही ती. वसुली करणाऱ्या खात्याने दारात अनुदानाची पाटी लावावी, हा विनोद तिथे कोणाच्या लक्षात आला नसावा.

खरी बहार 1898 नंतरची. स्पेनशी युद्ध झालं, लष्कराला सैनिक वाहून न्यायला जहाजं हवी होती. ‘मोहॉक’ नावाचं एक विकत घेतलं आणि त्याचं ‘ग्रँट’ केलं. त्यातून मनिलाला फौज गेली. काही वर्षांनी तेच जहाज कोलंबिया नदीच्या मुखाशी गाळ उपसायला जुंपलं आणि त्याचं नाव झालं ‘चिनूक’. आता मोहॉक ही अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची जमात आणि चिनूकही जमातच. फौज न्यायची होती तोवर सेनापती, चिखल उपसायची वेळ आली तशी पुन्हा जमात. आपल्याकडे कामाची वाटणी अशी होत नाही म्हणतात. म्हणोत.

मग एक जर्मन प्रवासी जहाज. राजाच्या नावाचं. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने जप्त केलं, आधी वेगळंच काही नाव ठेवलं आणि 1922 मध्ये ‘यू. एस. ग्रँट’. दुसऱ्या महायुद्धातही ते सैनिक वाहत होतं.

आता पाणबुडी. शीतयुद्धात अमेरिकेने क्षेपणास्त्रं वाहणाऱ्या 41 अणुपाणबुड्या बांधल्या आणि त्यांना थोरामोठ्यांची नावं दिली. ‘युलिसिस एस. ग्रँट’ 1964 मध्ये ताफ्यात आली. पण ‘रॉबर्ट ई. ली’ 1960 मध्येच येऊन बसली होती! हा ली म्हणजे 1865 च्या एप्रिलमध्ये ग्रँटपुढे शरण आलेला दक्षिणेचा सेनापती. ज्या नौदलाने त्याच्या बाजूचं एकेक बंदर कोंडून धरलं, त्याच नौदलाने जिंकणाऱ्याच्या चार वर्षं आधी हरणाऱ्याला बोट दिली. सेवाज्येष्ठतेची यादी कोणत्या बाबूने लावली, कोण जाणे.

जनरल शर्मनला तर 41 मध्ये एकही नाही. ‘टेकमसा’ आहे. विल्यम टेकमसा शर्मन या नावातला मधला शब्द तोच, म्हणून मी आशेने पाहिलं. ती निघाली शॉनी जमातीच्या टेकमसाच्या नावाची, जो 1813 मध्ये अमेरिकन फौजेशी लढता लढता मारला गेला.

तटरक्षक दलाकडे ‘शर्मन’ नावाची एक मोठी गस्तनौका मात्र होती. हायसं वाटलं. पण तिचा शर्मन म्हणजे जॉन, जनरलचा धाकटा भाऊ. तो अर्थमंत्री होता, आणि त्या मालिकेतल्या बऱ्याच नौकांना अर्थमंत्र्यांचीच नावं होती. 2018 मध्ये ही नौका श्रीलंकेला दिली. तिथे तिचं बारसं पुन्हा झालं: ‘गजबाहू’. गजबाहू हा सिंहली राजा. या नावाचे दोन होऊन गेले.