सातबारा नको, पासपोर्ट चालेल

मुळशीत दहा गुंठे शेतजमीन घ्यायची तर आधी शेतकरी असल्याचा दाखला आणा. आजोबांचा सातबारा शोधा, तलाठ्याकडे चपला झिजवा. दुबईत ही भानगड नाही. २००२ पासून तिथे ठराविक भागांत परदेशी माणसालाही मालकी हक्काने घर घेता येतं. म्हणून तर पुण्यातल्या पंचतारांकित हॉटेलात प्रदर्शनं भरतात: काचेखाली इवलीशी खजुराची झाडं, निळ्या रंगाचा समुद्र आणि हातात फुकटचा पनीर टिक्का.

विक्रेता कानाशी येऊन सांगतो, ‘भाड्यावर आयकर शून्य!’ खरंच आहे, तिथे शून्य. पण राहता भारतात, म्हणजे ते भाडं इथल्या रिटर्नमध्ये दाखवावंच लागतं. घर दाखवायचं ‘राहून गेलं’, तर १० लाखांचा दंड बसू शकतो. हे ब्रोशरमध्ये नसतं.

रिझर्व्ह बँक वर्षाला माणशी अडीच लाख डॉलरच बाहेर नेऊ देते. तेव्हा अचानक कुटुंबप्रेम उफाळून येतं. बायको, आई, कॉलेजातला मुलगा, सगळे सहमालक! वर नोंदणीचे ४ टक्के. २० लाख दिरहमांचं घर असेल तर १० वर्षांचा गोल्डन व्हिसा, तो वापरायला सवड मिळो न मिळो.

इथल्या सोसायटीत मेंटेनन्स दोनशेने वाढला की सभा उधळणारे गृहस्थ तिथला चौरस फुटामागचा सर्व्हिस चार्ज निमूट भरतात. विचारलं तर म्हणतात, ‘तिकडे शिस्त आहे हो!’