बिल आहे का जी?

टीव्ही अचानक बंद पडला की सामान्य माणूस रिमोटला दोन थापडा मारतो, मागची वायर हलवून बघतो आणि केबलवाल्याच्या नावानं बोटं मोडतो. वॉरंटीवाले काका उठून कॅलेंडरपाशी जातात. कालनिर्णयच्या चौकोनांत दूध, गॅस आणि चतुर्थी यांतून उरलेल्या जागेत त्यांच्या बारीक अक्षरातल्या नोंदी असतात : ‘मिक्सर संपणार’, ‘इन्व्हर्टर बॅटरी, आजपासून प्रो-राटा’, ‘हॉलचा पंखा, शेवटचा दिवस’. तारीख अजून यायची असली तर काकांचा चेहरा फुलतो. उलटून गेली असली तर वस्तू गेल्याचं त्यांना फारसं दुःख नसतं. वेळेत गेली नाही याचं असतं. सगळी वॉरंटी एकदाही न बिघडता काढणारी वस्तू त्यांच्या मते कंपनीला फितूर असते.

नागपुरात हे काका सापडायला कष्ट पडत नाहीत. त्रिमूर्तीनगर, प्रतापनगर, नरेंद्रनगर, मनीषनगर, कुठल्याही ले-आऊटमध्ये शिरा आणि एजी ऑफिस, वीज मंडळ किंवा रेल्वेच्या हिशेब खात्यातून रिटायर झालेलं कोण राहतं ते विचारा. त्यांतही एजी ऑफिसवाले अस्सल. सिव्हिल लाईन्सच्या त्या इमारतीत बसून ज्यानं तीस-पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या व्हाउचरांवर आक्षेप काढले, त्याला रिटायर झाल्यावर आक्षेप काढायला काहीतरी लागतंच. सुनेच्या स्वयंपाकावर काढले तर घरात भांडण होतं. कंपनीवर काढले तर पुण्य लागतं.

काकांच्या घरचा सज्जा पाहण्यासारखा आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसते खोके. टीव्हीचा खोका, त्यातलं थर्माकोल, त्या थर्माकोलच्या खाचेत बसणारी पॉलिथिनची पिशवी आणि पिशवीत ‘ओलावा शोषणारी पुडी, खाऊ नये’ अशी पुडीसुद्धा. टीव्ही स्वतः तीन वर्षांपूर्वीच बदलला. खोका मात्र तसाच आहे. फ्रिजच्या दारावरची निळी फिल्म अजून निघालेली नाही आणि रिमोट प्लॅस्टिकच्या कव्हरात आहे. काकू एकदा वैतागून म्हणाल्या, ‘‘पाहुणे आले तर मी आता खोक्यातच झोपत जाऊ का?’’ काका म्हणाले, ‘‘फ्रिजच्या नको जी, त्याची वॉरंटी चालू आहे.’’

बिलांची फाइल वेगळी. इथे काकांचं खरं शास्त्र सुरू होतं. दुकानातून हल्ली मिळतं ते गुळगुळीत बिल शाईनं छापलेलं नसतं. कागदालाच उष्णतेनं काळा पडणारा लेप असतो आणि मशीन तो फक्त तापवतं. असला कागद नागपूरच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत राहिला की त्याचं काय होतं ते सांगायला नको. म्हणून बिल हातात पडल्याबरोबर दोन झेरॉक्स, मोबाइलमध्ये फोटो, आणि मूळ प्रत कोरड्या फाइलमध्ये, हा काकांचा नियम. ‘बिल जपा, बिल जपा’ असं ते इतक्या वेळा सांगत की पलीकडच्या गल्लीतल्या एका मॅडमनी वॉशिंग मशीनचं बिल जन्मभर टिकावं म्हणून लॅमिनेट करून घेतलं. लॅमिनेशनच्या रोलरमधून ते बाहेर आलं तेव्हा कडेपासून कडेपर्यंत काळं ठिक्कर होतं. मॅडमनी ते काकांच्या हातात दिलं. काकांनी चष्मा काढला, पुन्हा लावला, खिडकीच्या उजेडात तिरपं धरून पाहिलं आणि म्हणाले, ‘‘तारीख वाचता येऊन राहिली नाही.’’

तर अशा या काकांचा कॉम्प्युटर ऐन उन्हाळ्यात, नवतपात गेला.

सीताबर्डीत मोदी नंबर तीनच्या बाजूला असेंबल करून घेतलेला तो डेस्कटॉप. काका त्यावर एक्सेलमध्ये घरखर्च मांडतात आणि रात्री पत्ते खेळतात. त्या दिवशी बटण दाबलं तर पंखा फिरला, दिवा लागला, पडदा मात्र काळाच. दुकानातला पोरगा आला. त्यानं रॅम काढली, खिशातलं खोडरबर काढून तिच्या सोनेरी दातांवरून घासलं आणि पुन्हा बसवली. या देशात शाळेबाहेर खोडरबर सर्वांत जास्त कुठे खपत असेल तर ते कॉम्प्युटर दुरुस्तीत. काही झालं नाही. सेल बदलला, एसएमपीएस बदलून पाहिला. शेवटी म्हणाला, ‘‘काका, बोर्ड गेला.’’

इतर कुणी कपाळाला हात लावला असता. काका कॅलेंडरपाशी गेले. मदरबोर्डची वॉरंटी तीन वर्षांची, आणि ती संपायला तीन आठवडे बाकी होते. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे नातवाचा फोन आल्यावर असतो तसा आनंद त्या क्षणी त्यांच्या तोंडावर होता.

मदरबोर्ड बदलून मागणं ही मिक्सर बदलून मागण्यापेक्षा वरच्या इयत्तेची परीक्षा आहे. पूर्वी प्रोसेसरला पिना असत आणि बोर्डाला भोकं. इंटेलनं 2004 मध्ये हा संसार उलटा केला : पिना बोर्डात, प्रोसेसर वरून नुसता टेकवायचा. तेव्हापासून पीन वाकली की दोष बोर्डाचा, म्हणजे तो हाताळणाऱ्याचा, म्हणजे तुमचा. सर्व्हिस सेंटरचा माणूस बोर्ड हातात घेतल्यावर आधी मोबाइलचा टॉर्च लावून सॉकेटमध्ये डोकावतो. एक पीन तिरपी दिसली की ‘फिजिकल डॅमेज’ एवढे दोन शब्द, आणि वॉरंटी खलास. म्हणून नवा बोर्ड येतो तेव्हा त्या पिनांवर एक काळी प्लॅस्टिकची टोपी असते, आणि बोर्ड परत पाठवताना ती लावून पाठवा असं कंपनी सांगते. ती टोपी शंभरातले नव्व्याण्णव लोक पहिल्याच दिवशी केरात टाकतात. काकांची सुपारीच्या रिकाम्या डब्यात होती, तारखेची चिठ्ठी लावून.

शिवाय त्यांनी घरीच सॉकेटचा फोटो काढून ठेवला होता. शेजारी त्या दिवशीचा पेपर, ओलीस धरलेल्या माणसाच्या फोटोत असतो तसा, पहिल्या पानाची तारीख स्पष्ट दिसेल असा.

सुभाषनगरहून मेट्रोनं झाशी राणी चौक, तिथून पायी. मांडीवर खोका. दुकानदार आधी म्हणाला, ‘‘अंकल, हमारा काम बेचने का, सर्विस कंपनी देखेगी.’’ काका शांतपणे म्हणाले, ‘‘बिलावर नाव तुमचं आहे न?’’ दुकानदारानं सर्व्हिस सेंटरचा पत्ता दिला आणि एसी वाढवला.

काउंटरवरचा पोरगा विशीतला. त्यानं जॉबशीट काढलं आणि ‘कंडिशन’च्या रकान्यात न बघताच लिहिलं : ‘मायनर स्क्रॅचेस’. हे सगळीकडे लिहितात. खोका उघडायच्या आधी लिहितात. उद्या त्यांच्याकडून ओरखडा पडला तर तो आधीपासून होता, असं म्हणायची ती सोय असते. बाकीचे लोक सही करून मोकळे होतात. काकांनी खिशातून भिंग काढलं.

‘‘स्क्रॅचेस कुठे आहेत ते दाखवा.’’

‘‘काका, ते असंच लिहितो आम्ही.’’

‘‘असंच कसं लिहिता जी? मी काय असंच सही करू?’’

स्क्रॅचेस खोडले गेले. मग काकांनी सुचवलं की त्या जागी ‘1700 पिना, सर्व सरळ’ असं लिहावं. या सॉकेटला खरोखरच 1700 टोकं असतात, त्याच्या नावातच तो आकडा आहे. पोरगा म्हणाला, एवढ्या कोण मोजणार? काका म्हणाले, ‘‘मी थांबतो न. मला घाई नाही.’’ मागे रांग होती. एका माणसाच्या हातात प्रिंटर होता आणि तो प्रिंटर हळूहळू जड होत चालला होता. शेवटी ‘पिना सरळ दिसतात’ यावर तडजोड झाली. ‘दिसतात’ या क्रियापदाबद्दल काका अजूनही असमाधानी आहेत.

दुसरा वार कूलरचा. पोरगा बोर्ड उलटा करून म्हणाला, ‘‘इथे ओल लागल्यासारखी वाटते. कूलरसमोर ठेवता का?’’ हा प्रश्न नागपुरात विचारायचा म्हणजे कमाल आहे. मे महिन्यात इथे पारा 45 ओलांडतो, खिडकीत वाळ्याचा कूलर घरघरत असतो, आणि घरातली सजीव-निर्जीव सगळी मंडळी त्याच्या झोतात असतात. कंपनीच्या अटींमध्ये ओलावा, धूळ आणि वीज कमी-जास्त होणं या तिन्ही गोष्टी वॉरंटीतून बाद आहेत; म्हणजे नागपूर शहरच बाद आहे म्हणा ना. काका उसळून म्हणाले, ‘‘कूलरसमोर नाही ठेवलं तर इथं माणूस टिकत नाही बाप्पा, बोर्ड काय टिकते!’’ प्रिंटरवाला रांगेतून म्हणाला, ‘‘बरोबर आहे काकांचं.’’ ओलीचा मुद्दा मागे घेतला गेला.

बोर्ड कंपनीकडे गेला. मग सुरू झाला तो काळ, ज्यात आपल्यासारखे लोक दमतात आणि काका तरुण होतात. ‘अप्रूव्हल पेंडिंग’, ‘पार्ट वेटिंग’, ‘सिस्टीम डाऊन’. एक दिवस मेसेज आला : आपली तक्रार सोडवून बंद करण्यात आली आहे, कृपया पाचपैकी गुण द्या. बोर्डाचा पत्ता नव्हता. काकांनी एक गुण दिला, तोही मराठी शुद्ध लिहिल्याबद्दल. त्यांच्या वहीत मात्र सगळं टिपलेलं : तारीख, वेळ, कोण बोललं, काय बोललं, किती मिनिटं गाणं ऐकवलं. काउंटरवर ते दाखलेही द्यायचे. 2000 नंतर काही वर्षं जगभर निकृष्ट कॅपॅसिटर फुगून बोर्ड मरत होते आणि त्यापायी डेलनं 2005 साली 30 कोटी डॉलर बाजूला काढले, हा पहिला दाखला. इंटेलनं 31 जानेवारी 2011 रोजी आपल्याच चिपसेटमध्ये खोट आहे असं जाहीर करून दुरुस्ती-बदलीसाठी 70 कोटी डॉलरचा अंदाज सांगितला, हा दुसरा. ‘‘एवढ्या मोठ्या कंपन्या कबूल करतात, आणि तुम्हाला एक बोर्ड जड होऊन राहिला?’’ 2011 मध्ये तो पोरगा पहिली-दुसरीत असेल. तो नम्रपणे ‘हो काका’ म्हणायचा.

हुकमाचा पत्ता काकांनी खाली टाकला नाही, फक्त दाखवला. ‘‘मग काय, सिव्हिल लाईन्सला जावं लागते का?’’ जिल्हा ग्राहक आयोग तिकडेच बसतो. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला आणि त्यातली काकांना पाठ असलेली कलमं अशी, की तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, कंपनी मुंबईची असो की बंगळुरूची. वकील लावावाच लागत नाही. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत जायचं. त्याच्याही आधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नुसता फोन केला तरी कंपनीचा सूर बदलतो. काकांनी 1915 लावला, तक्रारीचा क्रमांक घेतला आणि तो काउंटरवर एका स्वच्छ कागदावर लिहून दिला. आरडाओरडा नाही, टेबलावर मूठ नाही. आवाज चढवणाऱ्या गिऱ्हाइकाची कंपनीला सवय असते. कागद चढवणाऱ्याची नसते. आपली बिलं हरवतात, टोप्या केरात जातात, दुसऱ्या चकरेला ‘जाऊ दे, नवाच घेऊ’ असं आपण म्हणतो. कंपनीचं वॉरंटीचं गणित आपल्या या ‘जाऊ दे’वर उभं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्या गणितात काकांचा हिशेब धरलेला नसतो.

बोर्ड आला. नवा नव्हता, दुसऱ्याचा दुरुस्त केलेला होता. बहुतेक कंपन्यांच्या अटींत तशी मुभा असते. काकांनी नंबर पडताळला, भिंगातून सॉकेट पाहिलं, आणि नेमकी एक पीन किंचित तिरपी निघाली. काकांनी जॉबशीट मागितलं, ‘कंडिशन’च्या रकान्यात स्वतःच्या हातानं ‘फिजिकल डॅमेज’ लिहिलं आणि बोर्ड परत केला. पुढच्या आठवड्यात सीलबंद खोक्यातला आला.

काकूंनी मेट्रोचं तिकीट, झेरॉक्स, उसाचा रस आणि दोन वेळा खाल्लेले तर्री पोहे यांची बेरीज केली. आठ हजारांच्या बोर्डापुढे रक्कम मोठी नव्हती, पण काकांच्या वेळेचे पैसे धरले तर बोर्ड लाखाच्या घरात जातो असं त्यांचं म्हणणं. काका म्हणाले, ऑडिटचा पॅरा सेटल झाला, रकमेचा प्रश्नच नाही.

आता खरी गंमत. सर्व्हिस सेंटरचा तो पोरगा एका रविवारी काकांच्या घरी आला. त्याच्या वडिलांच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर गेला होता आणि फ्रिजवाल्यांचा काउंटर याला उभं करत नव्हता. काकांनी त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि समजावलं की दहा वर्षांची वॉरंटी असते ती बहुधा फक्त कॉम्प्रेसरची. गॅस आणि मजुरी तुमच्या खिशातून मागतील, तेव्हा आधी लेखी एस्टिमेट घ्यायचं. मग वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, ‘‘बिल आहे का जी?’’

नव्हतं.

काकांनी टोपण लावलं. मुलगा चहा पिऊन गेला.

तेव्हा तुमचंही काही वॉरंटीत बंद पडलं असेल तर काकांकडे जरूर जा. संध्याकाळी पाचनंतर जा, दुपारी ते कूलरसमोर झोपलेले असतात. खोका घेऊन जा. आणि बिल सापडेपर्यंत बेल वाजवू नका.